दुसरा अटेम्प्ट कुणाच्या बापाचा?

मेडिकलला नंबर लागला नाही की वस्तीत लगेच बोललं जातं, पोरगं नापास झालं. आम्ही म्हणतो, हे साफ खोटं आहे. २०२५ साली नीटला देशात २२ लाख ९ हजार पोरंपोरी बसली. त्यातली १२ लाख ३६ हजार पात्र ठरली. आणि एमबीबीएसच्या जागा किती? सरकारी, खाजगी, डीम्ड सगळ्या धरून सव्वा लाखाच्या आसपास. त्यातल्याही निम्म्या अशा, की फीचा आकडा ऐकूनच आपला बाप खाली बसेल. म्हणजे दहा पात्र पोरांमागे जेमतेम एक जागा. बाकीची नऊ नापास नाहीत. त्यांच्यासाठी जागा केलेलीच नाही.

मग ही नऊ पोरं पुढं काय करतात? इथं जात आणि खिसा दोन्ही उघडे पडतात. बापाची प्रॅक्टिस आहे, बंगला आहे, तो पोरगा म्हणतो, एक वर्ष ड्रॉप घेतो. कोटाला जातो, लातूरला जातो. रूम, मेस, क्लास, टेस्ट सिरीज असा खर्च लाखांच्या घरात जातो आणि घरात कुणी आवाज चढवत नाही. आपल्या पोराला दुसऱ्याच दिवशी विचारतात, आता काय करणार? घरात बसून खाणार? आठवड्याभरात तो डिलिव्हरीच्या गाडीवर नाहीतर मोबाईलच्या दुकानात. आणि पोरगी असली तर विचारायचीही गरज पडत नाही. पाहुणे यायला लागतात.

दोस्तांनो, मेरिटचं गुपित इथं आहे. तामिळनाडूत न्यायमूर्ती ए. के. राजन समितीनं २०२१ साली नीटचा अभ्यास केला. त्यात दिसलं, की २०२०-२१ ला त्या राज्यात मेडिकलला लागलेल्यांपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त पोरं रिपीटर होती. नीट येण्याआधी हे प्रमाण फारच कमी होतं. याचा अर्थ सरळ आहे. ही परीक्षा पहिल्या झटक्यात निघत नाही. ज्याला दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा बसणं परवडतं त्याची निघते. ज्याला हे मेरिट म्हणतात ते बापाच्या पैशानं विकत घेतलेलं एक वर्ष असतं, कधी दोन वर्षं. आणि हेच लोक वर्गात आपल्या पोराकडं बोट दाखवून म्हणतात, हा कमी मार्कांवर आला! अरे, तू तीनदा बसून आलास, तो एकदा बसून आला. मोजायचं तर सगळंच मोजा.

सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०२२ मध्ये अखिल भारतीय कोट्यातल्या ओबीसी आरक्षणाच्या निकालात सांगितलं, की परीक्षेतले मार्क म्हणजे संपूर्ण गुणवत्ता नव्हे, मार्कांमागे घरची परिस्थिती, मिळालेली संधी उभी असते. आपल्या आज्यांना हे कोर्टात न जाता ठाऊक होतं. पण आता कागदावर आहे. तोंडावर फेकायला उपयोगी पडेल.

मेडिकल कॉलेजचं दार हे या देशातलं सगळ्यात चिवट दार आहे. घटना लागू होऊन जेमतेम वर्ष सरलं तोच १९५१ साली मद्रासच्या चंपकम दोराईराजन खटल्यात जातवार जागा रद्द झाल्या. त्या बाईंनी मेडिकलला अर्जसुद्धा केलेला नव्हता! त्यावर घटनेत पहिली दुरुस्ती करून १५(४) कलम घालावं लागलं. १९८१ साली गुजरातेत राखीव जागांविरुद्ध दंगल पेटली, तिची ठिणगी मेडिकलच्या पदव्युत्तर जागांवरून पडली. २००६ च्या आरक्षणविरोधी आंदोलनाचा अड्डा दिल्लीचं एम्स होतं. तिथं दलित-आदिवासी पोरांना कसं वागवतात ते २००७ साली सुखदेव थोरात समितीनं लिहून ठेवलंय. आणि अखिल भारतीय कोटा १९८६ पासून सुरू, पण त्यात अनुसूचित जाती-जमातींना राखीव जागा मिळाल्या २००७ साली. एकवीस वर्षं! एकवीस वर्षांत किती डॉक्टर झाले असते याचा हिशेब कुणी मागत नाही. म्हणून सांगतो, या दारावर एकदा डोकं आपटून परत फिरायचं नाही. पुन्हा अर्ज करायचा. पण नुसतं रागानं नाही, तयारीनं.

चळवळीतले काही दोस्त म्हणतील, ही परीक्षाच प्रस्थापितांची, तिच्यात चांगलं कसं बसायचं हे शिकवणं म्हणजे व्यवस्थेची हमाली. आम्हाला हे पटत नाही. २०१७ साली अरियलूरच्या अनितानं बारावीला १२०० पैकी ११७६ मार्क मिळवले. हमालाची, दलिताची पोर. नीटविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि त्या सप्टेंबरात आपण तिला गमावलं. ही परीक्षा अन्यायाची आहे हे आम्ही विसरलेलो नाही. पण ती बदलेपर्यंत आपल्या पोरांनी दवाखान्याबाहेर केसपेपरच्या रांगेतच उभं राहायचं का? परीक्षेविरुद्ध बोलणारा डॉक्टर आणि परीक्षेविरुद्ध बोलणारा बेकार, दोघांचा आवाज या देशात सारखा ऐकला जात नाही. दोन्ही करायचं. बसायचंही, लढायचंही.

आता मुद्द्याचं. परदेशात मेडिकलचा अर्ज म्हणजे निबंध, शिफारसपत्रं, मुलाखत. आपल्याकडं तसं काही नाही. आपल्याकडं अर्ज तीन गोष्टींवर उभा असतो : मार्क, कागद आणि पसंतीक्रम. आपली पोरं मार्कांसाठी रडतात, पण कितीतरी पोरं कागदावर आणि पसंतीक्रमावर मरतात. म्हणून तिन्हीचं बोलू.

पहिलं मार्क. दुसऱ्या वर्षाला बसताना पहिलं काम नवं पुस्तक घेणं हे नाही. गेल्या वर्षीची आपली ओएमआर आणि उत्तरतालिका घेऊन बस. एजन्सी दोन्ही दाखवते, ती मुदतीत उतरवून ठेव. चार रकाने पाड. येत होतं आणि बरोबर आलं. येत होतं पण चुकलं. येत नव्हतं म्हणून सोडलं. येत नव्हतं तरी ठोकलं. चौथ्या रकान्यात किती आहेत ते मोज. बरोबरला चार, चुकीला वजा एक. येत असलेला प्रश्न चुकवलास तर पाच मार्कांचा फरक. असे वीस प्रश्न म्हणजे शंभर मार्क! शंभर मार्कांसाठी कोटाला जायची गरज नाही, हात आवरायची गरज आहे.

१८० प्रश्न, ७२० मार्क. त्यात जीवशास्त्राचे ९० प्रश्न, म्हणजे निम्मे ३६० मार्क. आणि दोघांचे मार्क सारखे पडले तर आधी जीवशास्त्राचे मार्क बघतात. हा विषय वाचनाचा आहे, महागड्या मास्तरचा नाही. एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तकं ओळ न् ओळ, चित्रासकट, चित्राखालच्या अक्षरांसकट वाचायची. आपल्या स्टेट बोर्डाच्या पोरांनी ही पुस्तकं हातातच घेतलेली नसतात, हा पहिल्या वर्षीचा मोठा घोळ. केमिस्ट्रीचंही बरंचसं तसंच. फिजिक्सला मात्र कुणीतरी बसवून सोडवून घ्यावं लागतं. त्यासाठी वस्तीतला इंजिनिअर झालेला दादा धर, कॉलेजातले सर धर. लाजू नको.

२०२५ पासून पर्यायी प्रश्न गेले, जादा वेळ गेला. १८० मिनिटांत १८० प्रश्न, त्यातच पेनानं गोळे रंगवायचे. घरी आडवं पडून सोडवलेला पेपर हा पेपर नव्हे. दुपारी दोन ते पाच, पत्र्याखाली, घड्याळ लावून, ओएमआरच्या झेरॉक्सवर पेपर सोडव. परीक्षा मे महिन्याच्या उन्हात त्याच वेळेला असते. पेपर मराठीतही मिळतो, इंग्रजी शेजारी असतंच. पण भाषांतरात शंका आली तर इंग्रजी मजकूर अंतिम धरतात. बारावी इंग्रजीतून केली असेल तर नुसत्या प्रेमापोटी भाषा बदलू नको. अर्ज भरण्याआधी दोन पेपर मराठीत, दोन इंग्रजीत सोडव आणि मग ठरव.

आणि मार्कांची तुलना मागच्या सालाशी करू नको. २०२४ ला पैकीच्या पैकी घेणारे आधी ६७ निघाले, सुधारित निकालात १७ उरले. पाटणा-हजारीबागला पेपर फुटला होता, तरी जुलैत सर्वोच्च न्यायालयानं फेरपरीक्षा नाकारली. २०२५ ला देशात पहिला आलेल्याला ६८६ पडले. म्हणजे एका सालचे सहाशे आणि दुसऱ्या सालचे सहाशे सारखे नसतात. रँक बघ. आपल्या प्रवर्गातला शेवटचा प्रवेश कितव्या रँकला थांबला ते बघ.

दुसरं कागद. इथं व्यवस्था आपल्याला हसत हसत मारते. मार्क आहेत, जागा आहे, नाव यादीत आहे, आणि खिडकीवरचा बाबू म्हणतो, व्हॅलिडिटी कुठाय? जातीचा दाखला प्रांत कचेरीतून निघतो. पण महाराष्ट्रात राखीव जागेवर मेडिकलला बसायचं तर जिल्हा जात पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र लागतं. अनुसूचित जातीच्या माणसाला १० ऑगस्ट १९५० च्या आधीपासून आपण इथले आणि या जातीचे हे दाखवावं लागतं. विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासांना १३ ऑक्टोबर १९६७. ज्याला शाळेच्या आत घेतलं नाही त्या पणजोबाचा शाळेचा दाखला आणा, असं हे प्रकरण आहे. राग येतो ना? येऊ दे. पण राग आला म्हणून फाईल पुढं सरकत नाही.

दुसऱ्या अटेम्प्टचं वर्ष हे कागदाचंही वर्ष आहे. बारावीत कॉलेजमार्फत प्रस्ताव टाकायचा राहिला असेल तर आज त्या कॉलेजात जा. मग समितीच्या कचेरीत जा आणि पोच घे. वडिलांच्या बाजूच्या रक्तनात्यात, काका, आत्या, चुलतभाऊ, कुणाचीही वैधता झालेली असेल तर तिची प्रत जोड, काम सोपं होतं. आजोबांचा गावच्या शाळेतला दाखल-खारीज उतारा, जन्म-मृत्यूची नोंद, जुना सातबारा, कोतवालाची नोंद, महारवतनाचा कागद, काय मिळेल ते शोध. गावाला एक चक्कर मार. अभ्यासातले दोन दिवस जातील. व्हॅलिडिटी नसेल तर अख्खं वर्ष जातं.

बौद्ध पोरांनी आणखी एक नीट ऐकावं. १९९० च्या दुरुस्तीनं धर्मांतरित बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीत धरलं. पण अखिल भारतीय कोट्यासाठी केंद्राच्या नमुन्यातला जातीचा दाखला लागतो, आणि त्यावर अनुसूचीतली मूळ जात लिहिलेली असावी लागते. नुसतं 'बौद्ध' एवढंच लिहिलेलं असलं की तिथं अडवतात. बाबासाहेबांनी टाकायला लावलेली जात कागदावर परत लिहायची, हा चटका आम्हालाही लागतो. पण ती ओळख नाही, ती सरकारकडची थकबाकी वसूल करायची पावती आहे. दोन्ही नमुने काढून ठेव. शाळा सोडल्याचा दाखला, आधार, दहावीचं सर्टिफिकेट यांवरचं नाव, बापाचं नाव, अक्षर न् अक्षर जुळवून घे. अधिवास, उत्पन्नाचा दाखला, मधल्या वर्षाचं गॅपचं प्रतिज्ञापत्र, सगळं एका फाईलीत. तीन झेरॉक्स. नॉन-क्रीमिलेअर विमुक्त-भटक्यांना आणि ओबीसींना लागतं, अनुसूचित जाती-जमातींना लागत नाही. सेतूवाला त्याचे पैसे मागत असेल तर त्याला सरळ सांग.

तिसरं पसंतीक्रम. राज्याच्या ८५ टक्के जागांचा फॉर्म सीईटी सेलकडं, १५ टक्के अखिल भारतीयचा दिल्लीच्या एमसीसीकडं. हे दोन वेगळे फॉर्म आहेत. कितीतरी पोरं दुसरा भरतच नाहीत, कुणी सांगितलेलंच नसतं. अनुसूचित जातीला केंद्राच्या कोट्यात १५ टक्के, राज्यात १३ टक्के. मार्क चांगले असतील तर आपला पोरगा खुल्या जागेवरही बसतो, तो त्याचा हक्क आहे. राखीव म्हणजे त्याच्याभोवती आखलेली लक्ष्मणरेषा नव्हे.

डीम्ड विद्यापीठात जातीचं आरक्षण नाही. तिथं अनामतच लाखांत मागतात. एजंट तिकडंच ओढत नेतो. त्याच्या नादी लागू नको. सरकारी कॉलेज गडचिरोलीचं असो, नंदुरबारचं असो, सिंधुदुर्गचं असो, यादीत घाल. मुंबई-पुणे वर ठेव, पण खाली एकही सरकारी जागा सोडू नको. शेवटच्या फेरीत मिळालेली जागा सोडली तर अनामत जाते, आणि पुढच्या सालची परीक्षाही हातची जाऊ शकते. नियम दर साली बदलतात, माहितीपत्रक स्वतः वाच. रशिया, किर्गिझस्तानचा बोर्ड लावलेला एजंट सांगेल, नीटची गरज नाही. खोटं आहे. बाहेर शिकायला जायलाही नीट पात्र व्हावंच लागतं, आणि परत आल्यावर इथली परीक्षा वेगळी द्यावी लागते. बापाची जमीन विकण्याआधी हे माहीत असू दे.

आता घरच्यांसाठी दोन शब्द. आई-बाबांनो, २०२२ पासून या परीक्षेला वयाची वरची अट नाही. किती वेळा बसायचं यालाही मर्यादा नाही. म्हणजे कायद्यानं दार उघडंच आहे, ते घरानं लावून घेऊ नये. आणि पोराला एक वर्ष देता तसंच पोरीलाही द्या. पोराला दुसरा अटेम्प्ट आणि पोरीला पहिलं स्थळ, हा मनू आपल्याच घरातल्या देवळीत बसलेला आहे. सावित्रीमाईचा फोटो भिंतीवर लावून हे चालणार नाही.

पण आंधळेपणानंही वर्षं जाळू नका. बसण्याआधी ठरवा, किती वेळा, आणि मधे काय. नुसता ड्रॉप घेतला की पोरगं कुठल्याच कॉलेजात नाही. कॉलेजात नाही म्हणजे विद्यार्थी नाही, विद्यार्थी नाही म्हणजे शिष्यवृत्ती नाही, वसतिगृह नाही. श्रीमंताच्या पोराला या गोष्टीनं काही फरक पडत नाही, आपल्या पोराच्या पायाखालची जमीन जाते. बीएस्सीला नाव घालून तयारी करता येते, पण अभ्यासक्रम बदलल्यावर शिष्यवृत्तीचं काय होतं ते आधी समाजकल्याणच्या कचेरीत विचारून घ्या. बीएएमएस, बीडीएस, नर्सिंग, फार्मसी ही कमी माणसांची कामं नव्हेत. डॉक्टर झाला नाही म्हणून कुणाची किंमत कमी होत नाही, आणि एका परीक्षेपायी जीव तर मुळीच द्यायचा नाही. दोस्त गप्प गप्प राहायला लागला, जेवेना, भेटेना, तर त्याच्या खोलीवर जा. त्याला एकटा सोडू नका. हेही चळवळीचंच काम आहे.

बाबासाहेबांचंच बघा. १९१६ ला लंडनला पोचले, १९१७ ला शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून अर्ध्यावर परतावं लागलं. पुस्तकं ज्या बोटीत होती ती बुडाली. सिडनहॅममध्ये नोकरी करून पैसा साठवला, शाहू महाराजांची, मित्राची मदत घेतली आणि १९२० ला परत गेले. १९२२ ला दिलेला प्रबंध परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत पाठवला. तो दुरुस्त केला, पुन्हा दिला, आणि १९२३ ला डी.एस्सी. झाले. आपण ज्याला गॅप म्हणतो त्या तीन वर्षांत ते नोकरी करत होते, 'मूकनायक' काढत होते. जयंतीला डीजे लावताना एवढं आठवलं तरी पुष्कळ झालं.

आणि आता आपल्याच लोकांना प्रश्न. वर्गणीतून कमान होते, मग अभ्यासिका का होत नाही? विहाराला रात्री कुलूप कशाला? चार पत्रे, दोन पंखे, एक लाईट, आणि पोरींना सुरक्षितपणे घरी सोडायला दोन कार्यकर्ते. एवढ्यात वीस रिपीटर बसतात. जे डॉक्टर झाले आणि पाटी लावून वस्तीबाहेर राहायला गेले, त्यांनी रविवारचे दोन तास द्यावेत. त्यांच्या जुन्या पुस्तकांवर पोरांचा हक्क आहे. चळवळीच्या पोरांनी महिन्यातून एकदा टेबल टाकून कागदांचं शिबिर घ्यावं : दाखले तपासायचे, व्हॅलिडिटीचे फॉर्म भरायचे, प्रांत कचेरीत दहा जणांनी मिळून जायचं. एकट्या पोराला हाकलतात, दहा जणांना खुर्ची देतात.

सरकारकडं आमची मागणी साधी आहे. बार्टीच्या नीट प्रशिक्षणात रिपीटर पोरांसाठी वेगळी जागा ठेवा आणि विद्यावेतन तारखेला द्या. ड्रॉपच्या वर्षात वसतिगृहात राहू द्या. मेडिकलच्या यादीआधी व्हॅलिडिटी हातात द्या, उशीर तुमच्या कचेरीचा असेल तर पोराची जागा राखून ठेवा. ही भीक नाही. ज्यांचे बाप दुसरं वर्ष विकत घेऊ शकत नाहीत त्यांच्या वाट्याचं ते वर्ष आहे.

दुसरा अटेम्प्ट कुणाच्या बापाचा? आजवर तो पैसेवाल्यांच्या बापाचा होता. यंदा वस्तीतल्या प्रत्येक पोराला, प्रत्येक पोरीला तो मिळाला पाहिजे. परीक्षेला बसा, आणि या परीक्षेविरुद्ध उभेही राहा.

जयभीम!